स्मोअर्स डिप: वरचे मार्शमेलो करपतात आणि खालचे चॉकलेट घट्ट होते, तेव्हा काय करावे

उन्हाळ्यातल्या मेजवानीसाठी अमेरिकेतल्या घरांमध्ये स्मोअर्स डिप हा पदार्थ हमखास केला जातो. बिडाच्या लहान तव्यात चॉकलेटचा थर द्यायचा, त्यावर मार्शमेलो दाटीवाटीने मांडायचे, तवा काही मिनिटे तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि मग ग्रॅहम क्रॅकरच्या, म्हणजे गव्हाच्या चपट्या बिस्किटांच्या, तुकड्यांनी सगळ्यांनी मिळून तो गरम गरम खायचा, अशी याची कृती दोन ओळींत सांगितली जाते. मे महिन्याच्या अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत, आणि ४ जुलैला तर विशेषच, तिथल्या मराठी घरांच्या अंगणातही हा तवा दिसतो. इतक्या सोप्या म्हणवल्या जाणाऱ्या पदार्थाबद्दलच्या तक्रारी मात्र दरवर्षी त्याच असतात. कधी वरचा थर काळा पडतो आणि खाली चॉकलेटचे तुकडे जसेच्या तसे राहतात. कधी तवा ओव्हनमधून निघताना देखणा दिसतो, पण टेबलावर पोहोचून दहा-पंधरा मिनिटे होत नाहीत तोच चॉकलेट इतके आवळते की त्यात खुपसलेला क्रॅकर मोडतो. कधी चॉकलेट रवाळ होते आणि त्याला तेल सुटते. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच आहे, आणि ते लक्षात आले की पदार्थ सहसा बिघडत नाही.

मूळ कारण: दोन जिन्नस, दोन वेगळ्या आचा

हा पदार्थ मुळात शेकोटीवरचा आहे. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या १९२७ सालच्या एका पुस्तिकेत ‘सम मोअर’ या नावाने त्याची कृती छापलेली आढळते. तिथे काडीला टोचलेला मार्शमेलो निखाऱ्यावर भाजायचा आणि तो गरम असतानाच चॉकलेटच्या वडीवर ठेवून दोन क्रॅकरांमध्ये दाबायचा, अशी पद्धत आहे. त्या पद्धतीत चॉकलेटला विस्तव कधीच लागत नाही. मार्शमेलोच्या अंगच्या उष्णतेने ते जेवढे मऊ होईल तेवढेच होते आणि लगेच खाल्ले जाते. तव्यातल्या आवृत्तीत मात्र हे दोन्ही जिन्नस एकमेकांवर रचून एकाच वेळी एकाच आचेला दिले जातात, आणि अडचण नेमकी तिथून सुरू होते.

चॉकलेटमधले कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळते. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत पूर्ण पातळ होते आणि दूध घातलेले चॉकलेट त्याहून थोड्या कमी तापमानालाच पातळ होते. त्यात दुधाची भुकटी असल्याने ते करपतेही लवकर. मार्शमेलो म्हणजे साखरेचा पाक, कॉर्न सिरप आणि जिलेटिन यांचा हवा भरून केलेला फेस आहे. त्यातले जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास सैल होते, पण त्याच्या पृष्ठभागावर आपल्याला हवा असलेला खरपूस बदामी रंग यायला पृष्ठभागाचे तापमान त्याच्या कितीतरी वर, जवळपास १५० अंशांच्या घरात, जावे लागते. म्हणजे तीन सेंटीमीटर जाडीच्या एका पदार्थात वरच्या बाजूला १५० अंश आणि खालच्या बाजूला ५० अंश अशी आपली मागणी असते.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. मार्शमेलोमध्ये हवा खच्चून भरलेली असल्याने तो उष्णता खाली जाऊ देत नाही; वरून ब्रॉयलरची, म्हणजे ओव्हनच्या छताशी असलेल्या तापणाऱ्या सळईची, कितीही धग दिली तरी तिचा फारच थोडा भाग चॉकलेटपर्यंत उतरतो. आणि बीड तापायला वेळ घेते, तसेच एकदा तापले की निवायलाही वेळ घेते. म्हणून थंड तवा थेट ब्रॉयलरखाली ठेवला तर वर कोळसा होतो आणि खाली कच्चे राहते. उलट तवा आधीच कडकडीत तापवून त्यात चॉकलेट टाकले तर ते तळाला आणि कडांना करपते, आणि तवा बाहेर काढल्यावरही करपत राहते.

यावरचा इलाज असा की, शेकोटीवर जे आपोआप घडत होते ते तव्यासाठी मुद्दाम घडवून आणायचे. चॉकलेट आधी वेगळे, मंद आचेवर पातळ करून घ्यायचे, आणि ओव्हनकडे फक्त मार्शमेलो भाजण्याचे काम ठेवायचे.

दुरुस्त केलेली कृती

वीस सेंटीमीटर, म्हणजे आठ इंची, बिडाच्या एका तव्यासाठी २०० ग्रॅम गडद चॉकलेट घ्यावे. कोकोचे प्रमाण ५० ते ६० टक्के असलेले चॉकलेट मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटते, कारण मार्शमेलो इतके गोड असतात की त्याखाली दुधाचे चॉकलेट घातले तर दोन घासांनंतर खाणाऱ्याचा हात थांबतो. त्यासोबत १५० मिलिलिटर क्रीम, एक मोठा चमचा लोणी आणि चिमूटभर मीठ लागेल. वरच्या थरासाठी नेहमीच्या आकाराचे वीसेक मार्शमेलो पुरतात, म्हणजे अमेरिकेत मिळणाऱ्या १० औंसांच्या पाकिटातले साधारण अर्धे. एवढा पदार्थ सहा ते आठ जणांना पुरतो.

चॉकलेट सुरीने बारीक चिरून एका कोरड्या भांड्यात घ्यावे. क्रीम मंद आचेवर तापवावे आणि कडेला बुडबुडे येऊ लागले, की उकळी फुटण्याच्या आधी उतरवून चॉकलेटवर ओतावे. दोन मिनिटे त्याला हात लावू नये. या दोन मिनिटांत क्रीमची उष्णता चॉकलेटमध्ये शिरते, आणि घाईने ढवळले तर क्रीम लवकर निवते व चॉकलेटचे कण तसेच उरतात. मग मधोमध लहान वर्तुळात ढवळायला सुरुवात करून हळूहळू कडेपर्यंत जावे. मिश्रण चकचकीत आणि एकजीव झाले की लोणी व मीठ मिसळावे.

तोवर बिडाचा तवा अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटे ठेवून कोमट करून घ्यावा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चरचरता कामा नये. तसा चरचरला तर तवा चॉकलेटसाठी जास्त तापला आहे असे समजून तो थोडा निवू द्यावा, आणि थेंब पुसून तवा पूर्ण कोरडा करावा. मग त्यात चॉकलेटचे मिश्रण ओतावे. मार्शमेलो कात्रीने आडवे अर्धे कापून, कापलेली चिकट बाजू खाली ठेवून मांडावेत. अशा प्रकारे ठेवले की ते चॉकलेटला धरून राहतात आणि तवा हलवताना घसरत नाहीत, शिवाय उंची निम्मी झाल्याने आतपर्यंत मऊ होतात. तव्याच्या काठापासून बोटभर जागा मोकळी सोडावी, कारण आतली हवा प्रसरण पावून मार्शमेलो फुगतात आणि जागा नसेल तर काठावरून खाली ओघळून ओव्हनच्या तळाशी जळतात.

ओव्हनची जाळी अशी लावावी की मार्शमेलो आणि वरची तापलेली सळई यांत साधारण पंधरा सेंटीमीटर अंतर राहील. अमेरिकी ओव्हनचा ब्रॉयलर २६० अंश सेल्सियस, म्हणजे ५०० अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त तापतो, आणि त्याखाली मार्शमेलो बदामी होण्यात आणि काळे पडण्यात काही सेकंदांचेच अंतर असते. एक ते दोन मिनिटांत काम होते. या वेळात ओव्हनसमोरून हलू नये, मध्येच तवा एकदा फिरवावा, आणि हव्या त्या रंगाच्या किंचित आधीच बाहेर काढावा, कारण साखरेचा रंग बाहेर काढल्यावरही काही क्षण गडद होत जातो. भारतातल्या ओटीजीमध्ये फक्त वरची सळई चालू ठेवण्याची सोय असते. तिथे धग कमी असल्याने तीन ते पाच मिनिटे लागू शकतात. काचेचे भांडे मात्र ब्रॉयलरखाली किंवा ग्रिलखाली कधीही ठेवू नये. ओव्हनमध्ये चालणारी काचसुद्धा इतक्या जवळच्या, एकाच बाजूने येणाऱ्या धगीने तडकू शकते.

टेबलावर दहा मिनिटांत घट्ट होण्याची तक्रार

सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार ही आहे, आणि तिचे कारण बहुतेक वेळा कृतीतच दडलेले असते. अनेक प्रचलित कृतींमध्ये तव्यात नुसते चॉकलेट घालायला सांगितलेले असते, त्यात कोणताही द्रव नसतो. नुसते वितळलेले चॉकलेट निवले की पुन्हा चॉकलेटच होणार. वातानुकूलित खोलीत २२-२३ अंशांवर कोको बटर गोठते आणि तव्याला चॉकलेटची एक मोठी वडी चिकटून बसते. ओव्हनमध्ये ते कितीही सुंदर वितळलेले असले तरी त्याने हे टळत नाही. क्रीम घातल्याने चॉकलेटमध्ये पाणी आणि लोण्याचा अंश मिसळतो आणि निवल्यावरही ते मऊ, चमच्याने उचलता येईल असे राहते.

क्रीम किती घालावे हे दोन गोष्टींवर ठरते. चॉकलेटमधला कोको जितका जास्त, तितके क्रीम जास्त लागते. ७० टक्क्यांच्या चॉकलेटला वजनाइतकेच क्रीम घातले तरी चालते, आणि दुधाच्या चॉकलेटला निम्म्या वजनाचे क्रीम पुरे होते. दुसरी गोष्ट क्रीममधल्या स्निग्धांशाची. अमेरिकेत हेवी क्रीम म्हणून जे विकले जाते त्यात किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो. तिथलेच हाफ-अँड-हाफ, म्हणजे दूध आणि क्रीमचे मिश्रण, १०.५ ते १८ टक्क्यांचे असते; ते घातले तर डिप पातळ होते आणि चवीलाही विरळ लागते. भारतात खोक्यात मिळणारे अमूलचे फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचे असते, म्हणजे त्यात पाणी अधिक असते. ते वापरताना वरच्या प्रमाणातून दोन मोठे चमचे कमी करावेत आणि ते उकळू देऊ नये. ज्यांना डिप अधिक वेळ मऊ हवे असेल त्यांनी एक मोठा चमचा कॉर्न सिरप किंवा लिक्विड ग्लुकोज चॉकलेटमध्ये मिसळावे. मधही चालतो, फक्त त्याची चव स्वतंत्रपणे जाणवते.

मार्शमेलो मात्र क्रीमने सुधारत नाहीत. भाजल्यावर त्यांतले पाणी उडून गेलेले असते, आणि निवताना त्यांतला पाक व जिलेटिन दोन्ही पुन्हा आवळतात, त्यामुळे वरचा थर चिवट होतो आणि फुगलेले मार्शमेलो बसतात. हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येते. म्हणून मोठ्या मेजवानीसाठी बारा इंची एकच तवा भरण्यापेक्षा आठ इंची दोन किंवा तीन तवे करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. चॉकलेटचे मिश्रण सगळ्यांसाठी एकदमच करून ठेवावे, पण मार्शमेलो एका वेळी एकाच तव्याचे भाजावेत. पहिला तवा निम्मा संपला की दुसरा ओव्हनमध्ये घालावा. पाहुण्यांना प्रत्येक वेळी गरम तवा मिळतो आणि यजमानाला फक्त दोन मिनिटांसाठी उठावे लागते. टेबलावर तवा थेट दगडी ओट्यावर किंवा लोखंडी जाळीवर न ठेवता जाड लाकडी पाटावर ठेवावा, म्हणजे खालून उष्णता ओढली जात नाही. बाहेर अंगणात, हवा ३० अंशांवर असताना, चॉकलेट आत असते त्यापेक्षा बराच अधिक वेळ मऊ राहते, पण वारा असेल तर मार्शमेलो लवकर निवतात, तेव्हा तवा आडोशाला ठेवावा.

चॉकलेट चिप्स वितळतच नाहीत

चॉकलेट चिप्स बिस्किटांत घालून भाजल्या तरी त्यांचा आकार टिकावा अशा बेताने बनवलेल्या असतात, त्यासाठी त्यांत कोको बटर कमी ठेवलेले असते. त्यामुळे त्या आतून मऊ झाल्या तरी वरून अखंड दिसतात. पाहणाऱ्याला वाटते की अजून वितळल्या नाहीत, आणि तो आच वाढवतो. डिपसाठी वडीचे चॉकलेट चिरून घेणेच बरे. घरात चिप्सच असतील तर त्यांना गरम क्रीममध्ये दोनऐवजी चार-पाच मिनिटे राहू द्यावे आणि मग ढवळावे.

भारतात जे स्वस्त ‘कंपाउंड’ मिळते त्याबद्दलही सांगायला हवे. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतात. ते सहज वितळते आणि केकवर आवरण द्यायला सोयीचे आहे, पण निवल्यावर कडक होते आणि जिभेवर मेणासारखा थर सोडते. गरम खाण्याच्या या पदार्थात हा दोष थोडा झाकला जातो, तरी शेवटच्या घासांना तो जाणवतोच. वेष्टनावरच्या घटकांमध्ये कोको बटर आहे की वनस्पती तेल, हे वाचून घ्यावे.

रवाळ चॉकलेट, गुठळ्या आणि सुटलेले तेल

वितळणाऱ्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडले तर ते क्षणात घट्ट, रवाळ गोळ्यासारखे होते. चॉकलेट म्हणजे स्निग्धांशात विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडेसे पाणी मिळाले की साखर ओली होऊन हे कण एकमेकांना चिकटतात. पाणी कुठून येते हे शोधले की कारण सापडते: नुकताच धुतलेला चमचा, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या वाडग्यात शिरणारी वाफ, किंवा फ्रिज. शेवटचे कारण महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात फार महत्त्वाचे ठरते. एप्रिल-मे महिन्यांत चॉकलेट कपाटात ठेवता येत नाही, ते फ्रिजमध्येच ठेवावे लागते. आणि मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या उघड्या चॉकलेटवर काही मिनिटांत दव जमते. तेच चॉकलेट चिरून वितळवायला घेतले तर गुठळ्या होणारच. म्हणून ते घट्ट बंद डब्यात ठेवावे आणि डबा न उघडता अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्यावा. दव डब्यावर जमेल, चॉकलेटवर जमणार नाही.

गुठळ्या झाल्याच तर चॉकलेट टाकून देण्याची गरज नसते. थोड्या पाण्याने जे बिघडते ते अधिक द्रवाने सावरते. प्रत्येक ६० ग्रॅम चॉकलेटमागे किमान एक मोठा चमचा या हिशेबाने गरम दूध किंवा क्रीम घालून जोरात फेटावे. कण पुन्हा मोकळे होतात आणि मिश्रण सरळ होते. तसे चॉकलेट केकवर आवरण द्यायला उपयोगी पडत नाही, पण डिपसाठी ते पूर्ण चालते, कारण डिपमध्ये क्रीम तसेही घालायचे असते.

तेल सुटण्याची तऱ्हा वेगळी आहे. क्रीम फार तापलेले असेल, किंवा स्निग्धांशाच्या मानाने पाणी कमी पडले, तर मिश्रण फुटते, वर तेलाचा थर दिसतो आणि खाली गाळ बसल्यासारखे होते. अशा वेळी लोणी वाढवू नये, त्याने ते अधिकच फुटते. मिश्रण थोडे निवू द्यावे आणि त्यात कोमट दूध चमच्या-चमच्याने घालून मधोमध फेटत जावे. दोन-तीन चमच्यांत ते पुन्हा चकचकीत होते. चॉकलेटला जळका वास येत असेल तर मात्र ते सावरत नाही. तसले चॉकलेट क्रीम घालून वाचवण्याचा प्रयत्न केला तर क्रीमही वाया जाते.

गॅसच्या किंवा कोळशाच्या ग्रिलवर करताना

उन्हाळी मेजवानीत जेवण अंगणातल्या ग्रिलवर होते आणि त्याच ग्रिलवर शेवटी डिप करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की या पदार्थाला धग वरून हवी असते आणि ग्रिलची धग खालून येते. तवा सरळ ज्वाळेवर किंवा निखाऱ्यांवर ठेवला तर चॉकलेट तळाला करपते आणि मार्शमेलो पांढरेच राहतात.

यासाठी ग्रिलचे दोन भाग करावेत. गॅसच्या ग्रिलवर एका बाजूचे बर्नर चालू ठेवून दुसऱ्या बाजूचे बंद करावेत. कोळशाच्या ग्रिलवर निखारे एका बाजूला ओढून घ्यावेत. तवा निखारे नसलेल्या बाजूला ठेवावा आणि झाकण बंद करावे. झाकणाखालची हवा २०० अंश सेल्सियसच्या, म्हणजे साधारण ४०० अंश फॅरनहाइटच्या, आसपास असली की फिरणाऱ्या गरम हवेने मार्शमेलो आठ-दहा मिनिटांत फुगतात आणि वरून हलके बदामी होतात. ब्रॉयलरसारखा गडद रंग इथे येत नाही. तो हवाच असेल तर स्वयंपाकघरातली लहान टॉर्च वापरून, ज्योत सतत फिरती ठेवून, शेवटी रंग आणावा. ज्याच्याकडे टॉर्च आहे त्याने खरे तर ओव्हनही वगळावा: कोमट तव्यात गरम चॉकलेट, वर मार्शमेलो आणि टेबलाशीच टॉर्चने भाजणे, हा मला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो, कारण रंगावर पूर्ण ताबा राहतो आणि चॉकलेटला एक अंशही जास्त आच लागत नाही. आदल्या जेवणातल्या कबाबांचा किंवा माशांचा वास जाळीला असेल तर ती आधी कडक तापवून घासून घ्यावी; साखरेला परका वास फार लवकर लागतो.

शाकाहारी मार्शमेलो वेगळे का वागतात

मराठी मेजवानीत हा प्रश्न टाळून चालत नाही. नेहमीच्या मार्शमेलोमधले जिलेटिन प्राण्यांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेले असते, आणि अमेरिकेत ते बहुधा डुकराचे असते. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांना धरून केलेल्या, मार्शमेलोमध्ये पुष्कळदा माशाचे जिलेटिन असते, त्यामुळे ‘कोशर’ म्हणजे शाकाहारी असे समजू नये. पाहुण्यांपैकी एकही जण शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी स्वतंत्र तवा करावा आणि कोणता तवा कोणता हे स्पष्ट सांगावे. निवडून खायला सांगणे हा मार्ग नव्हे, कारण मार्शमेलो एकदा वितळले की वेगळे काढता येत नाहीत.

शाकाहारी मार्शमेलोमध्ये जिलेटिनच्या जागी कॅरागीनन किंवा अगर (दोन्ही समुद्री शेवाळापासून काढतात) किंवा स्टार्च असतो. अगरने धरलेला पदार्थ ८५ अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय सैल होत नाही, आणि कॅरागीननही जिलेटिनपेक्षा बरेच उशिरा मऊ होते. त्यामुळे हे मार्शमेलो मुळात फुगतात कमी, त्यांना तार कमी सुटते, आणि वरून रंग आला तरी आतून घट्ट राहतात. पाहणारा मऊपणाची वाट पाहत आच वाढवतो आणि ते कोरडे पडून करपतात. यांच्यासाठी आधी सौम्य उष्णता आणि मग रंग असा क्रम ठेवावा. लहान तुकडे करून ते गरम चॉकलेटवर मांडावेत, तवा १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये, म्हणजे ३५० फॅरनहाइटवर, चार-पाच मिनिटे ठेवावा, आणि त्यानंतरच ब्रॉयलर किंवा टॉर्च वापरावी. क्रीम घातलेले चॉकलेट एवढ्या वेळात करपत नाही. तार सुटण्याची अपेक्षा मात्र सोडून द्यावी. चव चांगली लागते.

भारतात मार्शमेलो घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा, आणि मग त्यांना शाकाहारी मार्शमेलोंचीच ही रीत लावावी.

क्रॅकर, वाढप आणि मुले

ग्रॅहम क्रॅकर दमट हवेत उघडे ठेवले तर अर्ध्या तासात सादळतात आणि डिपमध्ये बुडवताच वाकतात. ते बंद डब्यात ठेवून थोडे थोडे काढावेत. सादळलेले असतील तर १५० अंशांवर पाच मिनिटे गरम करून पूर्ण निवू द्यावेत, निवल्यावर ते पुन्हा कुरकुरीत होतात. भारतात त्यांच्या जागी डायजेस्टिव्ह बिस्किटे उत्तम चालतात, कारण दोन्हींत गव्हाच्या कोंड्याची चव असते. नुसती ग्लुकोज बिस्किटे गोडावर गोड होतात आणि लगेच विरघळतात. स्ट्रॉबेरीच्या फोडी किंवा किंचित हिरवट केळीचे जाड काप ठेवले तर गोडपणाला उतारा मिळतो.

सगळ्यांनी एकाच तव्यात खाण्याचा पदार्थ म्हटला की आपल्याकडे उष्ट्याचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. चावलेला क्रॅकर पुन्हा तव्यात जाऊ नये यासाठी तव्याशी दोन लांब चमचे आणि शेजारी लहान बशा ठेवाव्यात. प्रत्येकाने चमच्याने आपल्या बशीत घ्यावे आणि मग क्रॅकरने खावे. यामुळे वडीलधाऱ्यांना संकोच वाटत नाही, आणि शिवाय तव्यातल्या मार्शमेलोंचा थर सगळीकडून एकदम मोडला जात नसल्याने तो जास्त वेळ गरम राहतो.

बिडाच्या तव्याची मूठ ओव्हनमधून काढल्यानंतर बराच वेळ हात भाजेल इतकी तापलेली असते, आणि ती तशी दिसत नाही. तिला जाड कापडी खोळ घालावी किंवा कोरडे फडके गुंडाळून बांधावे. ओल्या फडक्यातून उष्णता लगेच हाताला पोहोचते. गरम साखर त्वचेला चिकटून राहते, त्यामुळे तिने भाजल्याची जखम साध्या गरम पाण्याने भाजल्यापेक्षा खोल जाते. तवा टेबलाच्या काठापासून दूर, मुलांच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावा, आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत मुलांच्या बशीत मोठ्यांनीच वाढावे.

करपलेला थर आणि उरलेले डिप

वरचे मार्शमेलो काळे पडले तर घाबरून सगळा तवा ढवळू नये. ढवळले की जळकी चव चॉकलेटमध्ये उतरते. करपलेली कातडी काट्याने किंवा चिमट्याने अलगद उचलावी, ती सहसा एकसंध निघते, आणि खाली मऊ पांढरा थर शिल्लक असतो. त्यावर नवे अर्धे मार्शमेलो मांडून ओव्हनची जाळी एक खण खाली लावून तवा पुन्हा भाजावा.

निवून घट्ट झालेला तवा जसाच्या तसा पुन्हा ओव्हनमध्ये घालू नये. एकदा भाजलेल्या मार्शमेलोंमध्ये पाणी फारसे उरलेले नसते, त्यामुळे दुसऱ्यांदा ते रबरासारखे होतात. वरचा थर काढून टाकावा, चॉकलेटमध्ये दोन चमचे क्रीम घालून अगदी मंद आचेवर ढवळत सैल करावे आणि वर ताजे मार्शमेलो लावावेत. मेजवानी संपल्यावर जे उरते ते, कोणी त्यात उष्टे बुडवलेले नसेल तर, त्याच रात्री स्वच्छ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे. त्यात क्रीम असल्याने ते उन्हाळ्याच्या हवेत रात्रभर बाहेर ठेवणे योग्य नाही. दुसऱ्या दिवशी ते गरम दुधात फेटले की दाट चॉकलेट दूध होते, आणि चिवट झालेले मार्शमेलोही त्यात विरघळतात.

तवा घासताना तारेची घासणी वापरण्याची गरज पडत नाही. चिकटलेला थर मुख्यतः साखरेचा असतो आणि साखर गरम पाण्यात विरघळते, तेव्हा तव्यात कडकडीत पाणी ओतून दहा मिनिटे थांबावे आणि लाकडी उलथन्याने खरवडावे. बीड पाण्यात रात्रभर भिजत ठेवले तर गंजते, म्हणून लगेच धुऊन, आचेवर पूर्ण कोरडे करून, तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावे.